पाठपोट छापा

गुडघ्याला वाटी असते आणि ती बदलता येते.

काळी शाई कोपराला लागली की निघते. निळी राहायलाच येते.

बदक भिंतीवर चढते. घाई नको, पण थांबूही नको.

लिफ्ट बंद आहे. जिन्याने जावे. आपला नम्र, अध्यक्ष.

“काटा!” “कापू?” “काटा, काटा!” “हो हो, ऐकलं!”

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तर अगदी ठाम वाटत होतं.

————————

आधी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. निर्णय घेण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या घराण्यात नाही!

पूर्वी तसं नव्हतं, हे खरं. पूर्वी मी चपलांच्या दुकानात शिरलो की दुकानदार घरी फोन करून ‘आज जेवायला थांबू नका’ असं सांगायचा. लग्नाला होकार द्यायला मी इतका वेळ लावला, की मुलीकडच्यांनी आपापसात बसून माझा होकार धरून टाकला. विम्याची नोकरी सोडावी की नाही यावर माझा विचार चालू होता, तेवढ्यात नोकरीनंच मला सोडलं.

मग नाणी आली. घरपोच! मखमली पिशवीत तीन पितळी नाणी, प्रत्येकाच्या मधोमध चौकोनी भोक, आणि सोबत घडीचं माहितीपत्रक. प्राचीन चिनी पद्धत, आधुनिक माणसासाठी! मनात प्रश्न धरायचा, तिन्ही नाणी टाकायची, छापे किती आणि काटे किती ते मोजायचं, आणि त्यावरून कागदावर एक रेघ काढायची. कधी अखंड, कधी तुटकी. असं सहा वेळा. खालून वर सहा रेघा चढल्या की आकृती तयार. तिचा अर्थ पत्रकात बघायचा आणि बेधडक वागायचं.

पत्रक मराठीत कोणी आणलं देव जाणे, पण त्याचा दोन्ही भाषांवर राग असावा. बदकाचं ते वाक्य त्यातलंच. मी ते बायकोला वाचून दाखवलं.

“म्हणजे काय?” ती म्हणाली.

“अगं, खोल आहे.”

“खोल आहे, का पोकळ आहे?”

बायकोचं हे असंच. ती तिच्या वडिलांवर गेली आहे.

——— ———

(वरची रेघ तुटकी आहे. मुद्दाम आहे. ही गोष्ट छापताना आमच्या छापखान्यातल्या मास्तरांनी ती जोडायला घेतली होती, मी हात धरला.)

बायकोच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, छापखाना. पुढं टेबल-खुर्चीचं ऑफिस, मधे प्लायवूडचं पार्टिशन, मागं एक ऑफसेट मशीन, एक कागद कापायचं मशीन आणि या दोन्हींवर एकटेच राज्य करणारे मास्तर. मशीनशेजारी आयुष्य काढल्यामुळं मास्तरांना शब्दांचा फक्त आराखडा ऐकू येतो. रंग ते स्वतः भरतात.

सासरे गुडघ्याची वाटी बदलायला दवाखान्यात निघाले, तेव्हा किल्ल्या त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

“जावईबापू, मशीनला तेल द्या. मास्तरांना चहा द्या. भांडणाऱ्या दोन पार्ट्यांचं काम एका दिवशी घेऊ नका. आणि नवीन काही करू नका.”

“नवीन म्हणजे काय, बाबा?”

“जे जे तुम्हाला सुचेल ते.”

“आणि… पुढचं?”

“परत आलो की छापखान्याचं बोलू.”

बोलू! छापखान्याचं! माझ्याशी! आता यातून काय समजायचं ते तुम्हीच सांगा. मी तर त्याच संध्याकाळी आरशासमोर उभं राहून, सही करताना मालक चष्मा कपाळावर कसा सरकवतो, ते करून पाहिलं. चष्मा मागच्या मागे पडला. पण चेष्टा सोडा, मला तो छापखाना मनापासून हवा होता. सकाळचा पहिला कागद मशीनमधून बाहेर आला की मी तो नाकाशी धरतो. विम्याच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण तिथलं काही नाकाशी धरावंसं वाटलं नाही. माणसाला अशी एखादी तरी जागा हवी, जिथं तो उशिरा पोचला तर कोणीतरी विचारेल.

तर तो गड राखायचा होता. शस्त्र खिशात होतंच.

————————

सुरुवातीचे दिवस नाण्यांनी बहार केली! मशीनला तेल आधी द्यावं, का मास्तरांना चहा? नाणी टाकली, चहा आला. (तेल आलं असतं तर मास्तरांनी चहात काय घेतलं असतं, हा विचार मी टाळला.) मास्तर पार्टिशनवरून डोकावून म्हणायचे, “जावईबापू, नाणी पडलीत तुमची.” मी म्हणायचो, “पाडलीत, मास्तर!” ते मान हलवायचे. सासऱ्यांनी जावई म्हणून काय निवडलं, असा तो हलवण्याचा प्रकार होता.

मग तो दिवस उजाडला.

आमच्या मागच्या मोठ्या इमारतीत अध्यक्षपदाची निवडणूक होती. इमारतीची लिफ्ट कधीची बंद, त्यामुळं वातावरण तापलेलं. सकाळीच पहिले उमेदवार आले. वकीलसाहेब. भरघोस मिशा, आणि फोटोत तोंड उघडं, कारण मिटलेल्या तोंडाचा त्यांचा फोटोच नव्हता. पत्रकावर मथळा: ‘गोड हसण्याला भुलू नका!’ मी नाणी टाकली, शेवटी काटा निघाला, काम घेतलं. दुपारपर्यंत मास्तरांनी त्यांचा सगळा गठ्ठा एका बाजूनं छापून सुकत ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या उमेदवार आल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई. फोटोत सगळे दात हजर. मथळा: ‘बडबडीला भुलू नका!’

“संध्याकाळपर्यंत हवंय हं,” त्या म्हणाल्या.

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो नको. आम्ही बघतो म्हणतो तेव्हा दात काढावाच लागतो.”

आता आली का पंचाईत! भांडणाऱ्या दोन पार्ट्या, एकच दिवस. सासरे म्हणाले होते, घेऊ नका. पण हातचं काम सोडणारा मालक कसला? मी बाईंच्या पत्रकाची छपाईची प्लेट करून मास्तरांकडे दिली, “राहू द्या तयार” म्हणालो, आणि पार्टिशनच्या अलीकडे टेबलाशी बसलो. मनात प्रश्न धरला: घेऊ का काम?

इथं दोन बारीक अडचणी सांगायला हव्यात. एक, या नाण्यांना छापा-काटा असा नसतोच, दोन्हीकडे अक्षरंच. त्यावर पत्रक म्हणत होतं: ‘चार अक्षरे ते नाण्याचे पोट, दोन अक्षरे ती पाठ. पाठ दिसल्यास छापा मानावा.’ आणि दुसरी: ‘निकाल मोठ्याने उच्चारावा. नाणी ऐकतात. बाहेरचे आवाज बाहेरच राहू द्यावेत.’

नाणी ऐकतात का, मला ठाऊक नाही. मास्तर ऐकतात.

——— ———

पुढचं संभाषण मी नंतर मास्तरांकडून त्यांची बाजू घेऊन जोडलंय. त्या वेळी मला त्यांची बाजू ‘घर्रर्र’ अशीच ऐकू येत होती.

पलीकडून: “जावईबापू, बाईंची ही प्लेट काय करू?”

अलीकडून: “छापा!”

पलीकडून: “कोऱ्या कागदावर घेऊ, का वकिलांच्या मागच्या बाजूला?”

अलीकडून: “पाठ… हे काय, पोट… पाठ! पोट!”

पलीकडून: “पाठपोट! बरं!”

(पाठपोट म्हणजे आमच्या धंद्यात एकाच कागदाच्या दोन्ही अंगांना छपाई. हा शब्द मी रोज ऐकतो. रोज!)

पलीकडून: “सगळा गठ्ठा?”

अलीकडून: “छापा! छापा! छापा!”

पलीकडून: “ओरडू नका, ऐकू येतं मला!”

तीन छापे एकदम! पत्रकाप्रमाणे ही फारच जोरकस रेघ. मी अंगात आल्यासारखा डोलायला लागलो. तेवढ्यात फोन वाजला. बायको दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसली होती.

“अहो, काय चाललंय तिकडं?”

“अगं, छापे पडतायत! एकामागून एक!”

“छापे? कुठं?”

“आपल्या ऑफिसात! आत्ता तीन पडले!”

“अगं बाई! मग तुम्ही काय करताय?”

“मी मोजतोय! एक तर घरंगळत कपाटाखाली गेलाय, त्याला पट्टीनं बाहेर काढतोय. वकिलांचा काटा निघाला मघाशी. आता डॉक्टरीणबाईंचा निघाला, की काम तमाम!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाबांना सांगू?” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“सांग की! म्हणावं, लक्षण फार चांगलं आहे!”

फोन ठेवला आणि शेवटच्या रेघेला बसलो. तोवर मशीन थांबलं होतं, पण माझी समाधी लागलेली.

“काटा!”

पलीकडून: “कापू?”

“काटा, काटा!”

पलीकडून: “हो हो, ऐकलं!”

आणि कापायच्या मशीनचं पातं खाली आल्याचा तो ‘खच्च’ आवाज मला अगदी शुभशकुनासारखा वाटला.

आकृती पुरी झाली. पत्रकात तिचा अर्थ शोधण्यात तासभर गेला. सापडला: ‘दोन नद्या एका पात्रात. दोष कोणाचा, विचारू नये.’

याहून स्पष्ट होकार कुठला! मी ताडकन उठलो, पार्टिशनच्या दारात उभा राहिलो आणि मालकाच्या आवाजात म्हणालो, “मास्तर, डॉक्टरीणबाईंचं घ्या छापायला!”

मास्तर हात पुसत होते.

“छापलं.”

“छापलं?”

“छापलं, कापलं, बांधलं. वकीलसाहेब मागच्या दारानं येऊन केव्हाच घेऊनसुद्धा गेले.”

“वकीलसाहेब? डॉक्टरीणबाईंची पत्रकं?”

“दोघांचीही,” मास्तर म्हणाले. “तुम्हीच म्हणालात ना, पाठपोट? चांगलं खणखणीत म्हणालात.”

————————

एक पत्रक मागं राहिलं होतं. मी ते हातात घेतलं. एका बाजूला वकीलसाहेब, ‘गोड हसण्याला भुलू नका!’ उलटलं. डॉक्टरीणबाई, गोड हसताहेत. ‘बडबडीला भुलू नका!’ उलटलं. वकीलसाहेब, बडबडताहेत. मी ते इतक्या वेळा उलटलं, की मास्तर म्हणाले, “वारा घेताय का?”

मग मी ते उजेडासमोर धरलं. धरायला नको होतं. कागद पातळ, शाई ताजी. बाईंच्या हसऱ्या ओठावर वकिलांच्या मिशा उमटल्या होत्या, आणि वकिलांच्या उघड्या तोंडात बाईंचे बत्तीसच्या बत्तीस दात!

“मास्तर, हे दोघं एकमेकांच्या विरोधात आहेत!”

“असतील. पण इमारत एक, निवडणूक एक, लिफ्ट एक. मला वाटलं, काम एक.”

“अहो, निदान विचारायचंत!”

“विचारलं!” मास्तर कडाडले. “प्लेटचं विचारलं, कागदाचं विचारलं, कापायचं दोनदा विचारलं! इतकं तर मी लग्नाच्या वेळी मुलीला विचारलं नव्हतं!”

मी टेबलाशी पळालो, पिशवी उघडली आणि ‘आता काय करू?’ असा प्रश्न धरला. पण नाणी टाकायच्या आत दारात डॉक्टरीणबाई.

“झालं?”

“झालं,” मी म्हणालो. खोटं कशाला बोला!

“बघू.” त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं. त्यांची बाजू वर होती. त्या खूश झाल्या. “छान आलंय हो! फक्त ओठावर हे काय? सावली?”

“सावलीच. वकीलसाहेबांची.”

त्यांनी पत्रक उलटलं. क्षणभर मी त्यांच्या खुर्चीत झोपलोय, तोंडात कापूस आहे आणि भूल दिलेली नाही, असं मला स्पष्ट दिसलं.

त्या काही बोलणार, तोच दार धाडकन उघडून वकीलसाहेब आत! हातात फोन, आणि फोन थांबायला तयार नाही.

“हे काय आहे? काय आहे हे? मी स्वतःच्या हातानं घरोघरी दाराखालून सरकवलीत! जिना चढून! सगळे मजले!”

“उलटून नाही बघितलंत?” मी विचारलं.

“स्वतःचा फोटो वर असताना कागद उलटतो का कोणी!”



“लोक अभिनंदन करतायत! ‘अखेर एकत्र आलात, शहाणपण सुचलं!’ आणि आमच्या सौभाग्यवती विचारतायत, हे पाठीला पाठ लावून उभं राहणं कधीपासून चाललंय!”

“तुमच्या मिशा माझ्या तोंडावर आल्यात, त्याचं बोला!” बाई कडाडल्या.

“आणि तुमचे दात माझ्या तोंडात!”

“तुमच्या तोंडात चांगले दात पहिल्यांदाच आलेत!”

मी म्हणालो, “एक सुचवू का?”

दोघं एकदम गर्रकन वळले. “तुम्ही गप्प बसा!”

इतकं एकमत त्या इमारतीत लिफ्ट बंद पडल्यापासून झालं नव्हतं.

——— ———

नेमकी याच वेळी दारात टॅक्सी थांबली. आधी वॉकर उतरला. मग सासरे उतरले. दवाखान्याचा झगा, वर बायकोची शाल, आणि नवीकोरी वाटी. मागून बायको, आणि तिच्या मागून ‘आजोबा, तुम्हाला उठायची परवानगी नाही!’ असं ओरडत एक नर्स.

सासऱ्यांनी वॉकर उंबऱ्यावर आपटला.

“अधिकारी कुठायत?”

“कसले अधिकारी, बाबा?”

“छापा टाकणारे!”

आता माझं डोकं अजून नाण्यांतच होतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “छापा मीच टाकला, बाबा.”

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. “तुम्ही? स्वतःच्याच छापखान्यावर?”

त्या गोंधळातसुद्धा माझ्या कानांनी ‘स्वतःच्याच’ हा शब्द बरोबर टिपला आणि आत मखमली पिशवीत जपून ठेवला.

“आणि कपाटाखाली कोण आहे?” बायको वाकून बघत म्हणाली. “तुम्ही त्याला पट्टीनं काढत होतात ना? वकिलांचा काटा काढल्यावर?”

“माझा काटा?” वकीलसाहेब मागं सरकले.

“आणि मग डॉक्टरीणबाईंचा,” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलला. नर्सनं सासऱ्यांच्या पुढं हात आडवे धरले. मास्तर आतून ओरडले, “आता आणखी काय कापायचंय?”

मग मी सगळं सांगितलं. पाठ, पोट, बदक, नदी, सगळं. सांगताना ते फारसं शहाणपणाचं वाटत नव्हतं. टेबलावर माझ्या सहा रेघांचा कागद होता, बायकोनं तो उचलून पाहिला.

“खालून वर काढायच्या म्हणालात ना?”

“हो.”

“तुम्ही वरून खाली काढल्यात. अहो, आकडे घातलेत तुम्हीच.”

म्हणजे आकृतीच उलटी! तिनं पत्रकात सुलटी शोधून वाचली: ‘आज स्वस्थ बसावे.’

सासऱ्यांनी ते छापील पत्रक मागून घेतलं. एक बाजू वाचली. दुसरी वाचली. उजेडासमोर धरलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते! हसता हसता “गुडघा! गुडघा!” म्हणत नर्सचा हात धरला आणि पुन्हा हसले.

“लिफ्ट दोघंही सुरू करणार म्हणताय की,” डोळे पुसत ते म्हणाले. “मग भांडताय कशाला?”

वकीलसाहेबांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी बघितला, मिशीवर हात फिरवला आणि प्रथमच हळू आवाजात बोलले, “चौथा मजला आमच्या बाजूनं आलाय. आमच्या म्हणजे… दोघांच्या.”

“चौथा मजला कुणाच्याच बाजूनं नसतो,” बाई म्हणाल्या. पेपरवेट खाली ठेवला. “एक वर्ष तुम्ही, एक वर्ष मी?”

“पहिलं कोण?”

“अहो, सोपं आहे!” मी पिशवीत हात घातला. “नाणी टाकू!”

“नाही!” सगळे ओरडले. नर्ससुद्धा. तिला तर प्रकरण काय ते ठाऊकही नव्हतं.

————————

उमेदवार गेले. भांडतच गेले, पण एकाच दिशेनं. नर्स टॅक्सी थांबवायला बाहेर गेली. सासरे खुर्चीत विसावले. मला वाटलं, हीच वेळ.

“बाबा, मघाशी तुम्ही म्हणालात… स्वतःच्याच छापखान्यावर. आणि परत आलो की बोलू, असंही म्हणाला होतात.”

“हं,” सासरे म्हणाले आणि मुलीकडे बघितलं.

मुलीनं पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

“म्हणजे आज माझ्या हातून थोडी गडबड झाली, कबूल. पण काम तर झालं ना? उमेदवार खूश, लिफ्ट होणार. माणूस चुकतो, शिकतो, मग मालक होतो…”

“तुम्ही उद्यापण या,” बायको मऊ आवाजात म्हणाली. “पहिला कागद तुम्हीच बघायचा. उशीर झाला तर मी फोन करीन.”

इतकं प्रेमानं ती क्वचित बोलते. मला भरून आलं. मी मान हलवली. मग तिनं टेबलावरची नाणी गोळा केली, पिशवीत घातली, पिशवी स्वतःच्या पर्समध्ये टाकली, आणि पार्टिशनशी जाऊन आवाज चढवला.

“मास्तर! उद्यापासून काही विचारायचं असलं, तर मला विचारायचं. समोर येऊन!”

“बरं, मालकीणबाई!” आतून मास्तर म्हणाले.

एवढं मात्र त्यांना पहिल्या झटक्यात, शब्दन्‌शब्द ऐकू आलं. मी हसलो. म्हटलं, म्हातारा प्रेमानं म्हणतोय.

छापखाना बायकोच्या नावावर झाला होता तो सोमवारीच, सासरे दवाखान्यात दाखल झाले त्याच्या आदल्या दिवशी. साक्षीदार म्हणून सही मीच केली होती, दवाखान्याचे कागद समजून.